छावणी उठली तेव्हा

खराडीत ऑफिसखालच्या रसवंतीवर उसाचा ओला वास आला आणि मला दुष्काळातली चारा छावणी आठवली. विहीर आटल्यापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, घरात कुणाशी बोलत नव्हते. मग ते जनावरं घेऊन छावणीत राहायला गेले. मी डबा घेऊन गेले, तर अण्णा उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, ढिगावर बसून चार माणसांत खो खो हसत होते. मला रागच आला.

छावणी उठली त्या दिवशी आई म्हणाली, "अवं, चला की घरी."

अण्णांनी सोडलेलं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. "तिथं काय हाय?"

तेव्हा वाटलं, त्यांना आम्ही नकोत.

आता रिकाम्या फ्लॅटवर जायच्या वेळी मीही रसवंतीवाल्याला म्हणते, "अजून एक हाफ द्या."