यलोस्टोनचं संमतीपत्र

चार रिटायर्ड शिक्षक एका हॉलमध्ये बसवले की किस्से करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मुलुंडच्या एकाच शाळेतले आम्ही चौघं: हेडसर, गणिताच्या लेले बाई, भूगोलाच्या कांबळे बाई आणि मी, पी.टी.चा सावंत. दर रविवारी सकाळी हेडसरांकडे चहाला जमतो. यंदा तर विचारूच नका. यंदा आम्ही अमेरिकेला चाललोय, यलोस्टोनला. गरम पाण्याचे फवारे बघायला!

*

खूळ कांबळे बाईंचं. बत्तीस वर्षं त्यांनी फळ्यावर तो फवारा काढला. खाली लाल खडूने तापलेला खडक, वर निळ्या खडूने पाणी, आणि समजवायला कुकरच्या शिट्टीचं उदाहरण. निरोप समारंभात एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही खरा बघितलाय का? बाईंनी नाही म्हणून सांगितलं. घरी जाताना रिक्षात मला म्हणाल्या, "सावंत सर, बत्तीस वर्षं मी न बघितलेलं शिकवलं हो."

मला कसंतरीच झालं. पुढच्या रविवारी विषय काढला तो मीच.

*

हेडसरांनी ताबडतोब वेळापत्रक आखलं. तिथला सगळ्यात नावाजलेला फवारा साधारण दीड तासाने उडतो, एवढं त्यांनी वाचलं होतं. लगेच तक्त्यात लिहून मोकळे: मंगळवार, तिसरा तास, फवारा. दहा मिनिटं मागेपुढे होऊ शकतं, असं लेले बाईंनी सुचवून बघितलं. तर म्हणाले, उशीर मी खपवून घेणार नाही.

कांबळे बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तो फवारा आहे, शिपाई नाही."

*

तिथे मोकळे बायसन फिरतात. त्यांच्या पंचवीस यार्डांच्या आत जायचं नाही असा नियम. अंतर डोळ्यांना कळायला हवं, म्हणून मी सगळ्यांना आरे कॉलनीत एका तबेल्यावर नेलं. टेपने मोजून चुन्याची रेघ मारली आणि आम्ही चौघं रेघेमागे ओळीत उभे राहून म्हशींकडे बघत राहिलो. पंधरा मिनिटांनी तबेलेवाला आला.

"साहब, लेनी है तो पास आके देखो ना. मारती नहीं."

लेले बाईंनी दूध किती देते तेही विचारून घेतलं.

*

मग रंगीत तालीम वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर. यलोस्टोनला लाकडी वाट सोडायची नाही, खालची जमीन कधी दगा देईल सांगता येत नाही. हेडसरांनी आम्हाला कुंडाच्या कडेने एका रांगेत चालवलं. तेवढ्यात एक अनोळखी आजोबा टॉवेल गुंडाळून पाण्यात उतरायला लागले. हेडसर गरजले, "लाइन सोडायची नाही!"

आजोबा बिचारे परत वर आले आणि आमच्या मागे उभे राहिले.

*

चौघांचे व्हिसा आले आणि हेडसरांनी शेवटची अट काढली. आपल्या शाळेची सहल पालकांच्या संमतीपत्राशिवाय कधी निघाली नाही, ही पण निघणार नाही. आता आमचे पालक म्हणजे आमची मुलं. छापील फॉर्म वाटले.

माझ्या मुलीने फोनवर बोलताबोलता सही केली. ती सही कोणाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. हेडसर खूश. त्यांचा जुना सिद्धांतच आहे, खरा पालक घाईत सही करतो. सही सुबक आली की समजायचं, कोणीतरी बसून गिरवलीय.

याच सिद्धांतावर त्यांनी एकदा नववीतल्या अनिकेत कांबळेला पकडलं होतं. गणिताच्या पेपरवर आईची सही, मोत्यासारखी. आई त्याच मजल्यावर सातवी 'ब'ला शिकवत होती, गाढवाने तेवढाही विचार केला नाही.

*

आता अडला तोही अनिकेतच. घाटकोपरला राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, मुलगा लाखात एक. बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर घरी बसला होता. पण सही करेना. म्हणाला, "आई, बाबांच्या वेळी हॉस्पिटल समोरच्या रस्त्यावर होतं, तरी आपण पोचलो नाही. तिथे तर सगळं जंगल."

बाईंनी हे आम्हाला सांगितलं आणि चहा तसाच ठेवला. मला वाईटही वाटलं आणि रागही आला. पुढच्या रविवारी तिकिटं काढायची होती. मी हेडसरांना म्हटलं, राहू द्या ना एवढा एक कागद. त्यांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम. झालं, सहलीची वाट लागली असं मी धरून चाललो. आणि बाईंशिवाय तिथे जाऊन आम्ही बघणार तरी काय?

*

पुढच्या रविवारी कांबळे बाई कांजूरमार्गहून सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या. इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स. त्यांनी संमतीपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

खाली सही होती. अनिकेत कांबळे. प्रत्येक अक्षर ओळीवर, वेलांट्या गोल, खाली पट्टीने मारावी तशी सरळ रेघ. हे अक्षर मी कित्येक वर्षं वर्गांवरून जाताना फळ्यावर बघत आलोय.

हेडसरांनी चष्मा पुसला. कागद उजेडात धरला. इतका वेळ बघितलं की लेले बाईंच्या चहावर साय धरली.

मग त्यांनी कागदाला पंच मारला आणि फाईलला लावला.

"घाईत केलेली दिसते," म्हणाले.