मामांचे ग्रीक गुडघे

आमच्या हिच्या मामांइतका माणसाच्या गुडघ्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर मी त्याच्याकडे चहाला जाणार नाही. एक पुरे झाला. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या रीडिंगच्या घरी गेलो, तेव्हा मामांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे न बघता खाली बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, सगळा भार डाव्या पायावर टाकता तुम्ही. पन्नाशीत त्रास होईल." या, बसा, प्रवास कसा झाला, काही नाही. मिठाईचा पुडा सांभाळत मी दारातच उजव्या पायावर भार टाकून दाखवला, तेव्हा कुठे आत प्रवेश मिळाला. माझ्या पगाराची, शिक्षणाची, घराण्याची चौकशी त्या घरात कुणीही केली नाही. आता पन्नाशी उलटली आहे, डावा गुडघा दुखतो आणि ही गोष्ट मी मामांपासून लपवून ठेवली आहे.

मामा मूळचे मिरजेचे. फिजिओथेरपी शिकून इकडे आले आणि एका सरकारी हॉस्पिटलात पस्तीस वर्षं लोकांना पुन्हा उभं राहायला शिकवत राहिले. कुणाचं खुब्याचं ऑपरेशन, कुणाची एक बाजू लुळी पडलेली, कुणी शिडीवरून कोसळलेलं. मामा त्यांना दोन दांड्यांच्या मध्ये उभं करायचे आणि स्वतःच्या हातांनी त्यांचा भार या पायावरून त्या पायावर न्यायचे. दरम्यान त्यांच्या हाताखाली शिकलेली तीन पोरं त्यांचीच साहेब झाली, आणि मामा होते तिथेच राहिले. निरोपाच्या दिवशी त्यांना एक फुलझाडाची कुंडी मिळाली, आणि सोबत एक कार्ड, ज्यावर नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. मामांनी ते हसून खिशात घातलं. मामींनी ते अजून जपून ठेवलंय, केवळ रागापोटी.

रिटायर झाल्यावर मामा दिवसभर घरात मामींच्या मागेमागे फिरून त्या वाकून भांडी कशी काढतात यावर टीका करू लागले. मामींनी त्यांना "बाहेर जाऊन काहीतरी बघून या" म्हणून अक्षरशः हाकललं. ते ट्रेनने पाऊण तासावरच्या एका गावात उतरले आणि तिथल्या एका लहानशा म्युझियममध्ये शिरले. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला तिथे काळाच्या क्रमाने मांडलेल्या आहेत. सगळ्यांत जुने पहिल्या दालनात, मग पुढचे, मग त्याच्या पुढचे. मामांना तिथे साक्षात्कार झाला. आपण वॉर्डात जे सहा आठवड्यांत शिकवत होतो, ते शिकायला ग्रीकांना शंभर-सव्वाशे वर्षं लागली! महिन्याभरात ते तिथले व्हॉलंटियर गाईड झाले, गळ्यात बॅज आला, आणि तो बॅज घालून ते कोथिंबीर आणायलासुद्धा जाऊ लागले.

त्यांची टूर म्हणजे एक शिक्षा होती. आधी पहिल्या दालनातले तरुण उभे पुतळे. डावा पाय पुढे, मुठी आवळलेल्या, नजर समोर आणि ओठांवर एक न संपणारं हसू. मामा विचारायचे, "डावा पाय पुढे टाकलाय, मग कंबर का नाही हलली? उभे राहा बघू तसे." आणि खरोखर सगळ्यांना उभं करायचे. पेन्शनर बायका, शाळेतल्या मास्तरणी, वाट चुकून आत आलेले टूरिस्ट, सगळे डावा पाय पुढे टाकून ताठ. कंबर न हलवता तसं उभं राहताच येत नाही, हे प्रत्येकाला स्वतःच्या हाडांतून कळल्याशिवाय पुढचं दालन उघडत नसे. मला त्यांनी तसं उभं केलं, तेव्हा मी त्या हसण्याबद्दल विचारलं. म्हटलं, हे एवढे खूश कशाने? मामा म्हणाले, "खूश कुठले! त्या कारागिराला दगड जिवंत आहे एवढंच दाखवायचं होतं, दुसरं काही येत नव्हतं, म्हणून हसू दिलं. मीपण वॉर्डात पहिली दहा वर्षं असाच हसत होतो, जावईबापू. लोकांना वाटायचं, व्हॉट अ हॅपी चॅप." यावर मी हसलो आणि लगेच माझंच मला कसंतरी झालं. मीही सकाळी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर लॅपटॉपची बॅग लावून, मुठी आवळून, समोर बघत उभा असतो, आणि ऑफिसात शिरताना तेच हसू लावून शिरतो.

पुढच्या दालनात एक मुलगा उभा आहे. त्याचं हसू गेलेलं आहे आणि एक गुडघा किंचित सैल झालेला आहे, बस, एवढंच. पण मामांचा सगळा जीव त्या गुडघ्यात. "बघा, भार एका पायावर आला. लगेच कंबर एका बाजूला उतरली, खांदे दुसरीकडे, मान वळली. आणि हसू बंद! हसायचं थांबवल्याशिवाय माणूस नीट उभा राहत नाही." मग शांत, सुरकुती नसलेले, देखणे पुतळे यायचे. त्यांच्याबद्दल मामांना आदर होता, प्रेम नव्हतं. "हे सगळे मॅनेजमेंटमधले," एवढंच म्हणायचे. त्यापुढच्या शतकातले पुतळे कंबर इतकी बाहेर काढून उभे, की त्यांना टेकायला झाडाचा बुंधा लागतो. "याला वॉकर द्या," असं म्हणून मामा सगळ्यांना शेवटच्या दालनात न्यायचे. तिथे थकलेले, म्हातारे, नाक मोडलेले, दारू प्यालेले लोक. एक मुष्टियोद्धा मार खाऊन बसलाय आणि मान वळवून वर बघतोय. इथे मामांचा आवाज उतरायचा. "हे माझे पेशंट. इथवर यायला ग्रीकांना चारशे वर्षं लागली. आधी माणूस उभा करायला शिकले, मग त्याला बसू द्यायला." तिथे पोचेपर्यंत तीन तास झालेले असायचे आणि बरोबर एखाद-दुसराच माणूस उरलेला असायचा. मामांना त्याचं काही वाटत नसे.

बाहेरच्या जगातही त्यांनी कुणाला सोडलं नाही. वॉटफर्डला मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अध्यक्ष बघा तुमचे. एकदम पहिलं दालन." अध्यक्षांना ते ऐकू गेलं, अर्थ कळला नाही, पण अपमान आहे हे मात्र बरोबर कळलं. दुसऱ्या वर्षीपासून मामांना प्रसादाच्या टेबलावर कोपऱ्यात बसवायला लागले. मंडळातले लोक त्यांना पाठीमागे हसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसायचो. मामी मात्र हसत नसत. "साऱ्या जगाचे गुडघे दिसतात यांना," त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझे दोन वर्षं दुखत होते, ते सर्जननं सांगितल्यावर कळले." मामा समोरच बसले होते. ते उठले आणि उगाचच नळाचं पाणी बंद करून आले.

मग म्युझियमला नवीन मॅनेजरबाई आल्या. त्यांनी सगळ्या गाईडांना सांगितलं की टूर वीस मिनिटांची हवी, चार ठळक पुतळे दाखवा, शेवटचं दालन वगळा, लोकांना तेवढा वेळ नसतो. मामा म्हणाले, "मधलं गाळलं तर बदल दिसणार कसा? एका रात्रीत नाही सैल होत गुडघा." बाईंनी हसून मान हलवली. मामांनी तीन तासांचे दोन तास चाळीस मिनिटं केले आणि आपण फार मोठी तडजोड केली असं त्यांना वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत ती गोष्ट घडली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत मुलीबरोबर आले होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पण त्या पायावर भार टाकायची भीती गेलेली नव्हती. सैल गुडघ्याच्या त्या मुलासमोर मामांनी सगळ्यांना उभं केलं, म्हाताऱ्यांना बघितलं, आणि पस्तीस वर्षांची सवय, पटकन पुढे होऊन त्यांच्या कमरेला दोन्ही हात लावून भार दुसऱ्या पायावर नेला. विचारलं नाही. हे चुकलंच, मी नाकारत नाही. गृहस्थ "ओह, दॅट्स बेटर" म्हणाले आणि काठी उचलून उभे राहिले, हे मला मामांनी सांगितलं. तक्रार त्यांनी केली नाही, त्यांच्या मुलीने केली.

मामांना मेल आली. ती घेऊन ते माझ्याकडे आले, कारण मी एका कंपनीत एचआरमध्ये आहे. "तुम्ही या भाषेतले एक्स्पर्ट. नेमकं काय म्हणतायत ते सांगा." मी वाचली. तुमच्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत, सध्या आम्ही गाईडांच्या कामाचा आढावा घेत आहोत, योग्य वेळी संपर्क साधू. अशा मेली मी आठवड्याला दोन लिहितो. 'योग्य वेळी' म्हणजे कधीच नाही, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं फार थोड्यांना ठाऊक असेल. मामा समोर उभे होते, गळ्यात बॅज होता. मी म्हटलं, "थोडा ब्रेक घ्या म्हणतायत, मामा. मग बोलावतील."

"असं होय," मामा म्हणाले. "मग ठीक आहे."

मी त्यांच्या बाजूने एक पत्र लिहू शकलो असतो. त्या भाषेत मला लिहिता येतं, त्याचेच पैसे मिळतात मला. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना शोधून दोन ओळी लिहून घेता आल्या असत्या. मी काहीही केलं नाही, कारण त्या महिन्यात माझ्याही कंपनीत आढावा चालू होता आणि मला कुठेही, कुणाच्याही नजरेत यायचं नव्हतं. ही मला रोज म्हणायची, "अरे, तू त्यांना सरळ सांगून टाक ना. ते वाट बघत बसलेत." मामा दर रविवारी फोन करून "काही आलं का हो?" विचारायचे, जणू मेल माझ्याकडेच येणार होती. मी दर रविवारी "येईल, येईल" म्हणायचो. मग एका रविवारी त्यांनी विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहूनच टाकतो.

गेल्या महिन्यात मामांचाच फोन आला. "जावईबापू, चला, व्हिजिटर म्हणून जाऊन येऊ." बॅज नव्हता. ट्रेनमध्ये ते फारसं बोलले नाहीत. म्युझियममध्ये एक तरुण इंग्लिश मुलगी गाईड होती, नवीन, हातात टॅब्लेट धरून. तिने आम्हाला पहिल्या पुतळ्यासमोर नेलं आणि सांगितलं की सुरुवातीला ग्रीकांना नीट जमत नव्हतं म्हणून हे असे ताठ आहेत, पुढे जमायला लागलं. मग थेट त्या मॅनेजमेंटवाल्या देखण्यांकडे. सैल गुडघ्याच्या मुलाजवळून आम्ही न थांबता गेलो. मला वाटलं, आता मामा तिला थांबवतील, उभं करतील, कंबर विचारतील. मामांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले होते आणि ते नीट मान हलवून ऐकत होते. वीस मिनिटांनी ते "थँक यू, व्हेरी क्लिअर" म्हणाले.

दाराशी तिने एक फॉर्म दिला, टूर कशी वाटली त्याचा. मामांनी चष्मा लावून, उभ्या उभ्या, एकेका प्रश्नापुढे सगळ्यांत वरचा आकडा गोल केला. खाली 'आणखी काही सांगायचंय?' तिथे इंग्रजीत लिहिलं, 'अतिशय उत्तम गाईड. कृपया ठेवा.' मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, अहो, अर्धं चुकीचं सांगितलं तिने."

"शिकेल हळूहळू," मामा फॉर्मची घडी घालत म्हणाले. "पण कुणी वाईट लिहिलं ना, जावईबापू, तर हे लोक परत बोलवत नाहीत. योग्य वेळी वगैरे म्हणतात."

माझ्याकडे न बघता त्यांनी तो फॉर्म पेटीत टाकला आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागले. मी त्यांच्या मागून गेलो. माफी मागायची होती, शब्द तोंडाशी आले होते, पण मला तर फक्त मेलीची भाषा येते. त्या दिवशी त्यांनी मला भर रस्त्यात उभं करून तीन तास सुनावलं असतं, तरी मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं.