बोटाला लागलेली अक्षरं

पंधरा दिवस पांढरा ड्रेस, एवढीच चाचांची अट होती. पंधरा दिवस पांढऱ्या कपड्यांत प्रिंटरचा टोनर भरायचा, अंगावर एकही डाग पडू द्यायचा नाही आणि मगच गिऱ्हाइकाच्या कार्ट्रिजला हात लावायचा. तोवर माझ्यासाठी भंगारातली कार्ट्रिजं काढून ठेवलेली होती. तीच उघडायची, पुसायची, भरायची आणि पुन्हा रिकामी करायची.

चाचा म्हणजे माझे उस्ताद. यवतमाळात आधी टाइपरायटर दुरुस्त करायचे, ते बंद पडत गेले तसे प्रिंटरकडे वळले. मी कळंबची, कापूस-तुरीच्या घरातली. कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नोकरीची वाट बघत बसण्यापेक्षा हात काळे करू म्हणून त्यांच्या दुकानात शिरले. हात काळे झाले, पण कपडे पांढरे ठेवायचे ही भानगड मला नवीन होती. एसटीतल्या बायका मला नर्स समजायला लागल्या. एकीनं तर गुडघा पुढे करून गोळी विचारली.

मला राग लवकर येतो. ही अट म्हणजे निव्वळ छळ आहे असं मी घरी रोज सांगायचे. त्यात पहिल्याच आठवड्यात बाहीवर भुकटी सांडली. आईनं मायेनं ड्रेस कडकडीत पाण्यात भिजवला आणि डाग कायमचा बसला. चाचा पोट धरून हसले. मग त्यांनी नीट समजावलं, की टोनर म्हणजे शाई नव्हे, बारीक भुकटी आहे. ती गरम झाली की वितळते आणि चिकटते. प्रिंटरच्या पोटातही तेच होतं, कागद गरम रोलरखालून जातो म्हणून अक्षर पक्कं बसतं. कपड्यावर सांडली तर झटकायची आणि थंड पाणी घ्यायचं. हे ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. एका धुण्याच्या बादलीत अख्खा प्रिंटर कळला होता! मोजणी मात्र पुन्हा एकपासून सुरू झाली.

दुसऱ्या खेपेला मी चौदाव्या दिवसापर्यंत पोचले. शुक्रवार होता आणि ड्रेस अजून कोरा करकरीत होता. सकाळपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. चाचा दुपारच्या नमाजला गेले आणि पाचच मिनिटांत एक मॅडम दारात उभ्या राहिल्या, हातात पिशवी, चेहरा घामानं डबडबलेला.

त्या झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावात शिकवायच्या. पहिलीच्या पोरांसाठी त्यांनी एक पुस्तिका केली होती, एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला पोरांच्या घरची भाषा, कोलामी. शाळेच्या प्रिंटरचं कार्ट्रिज आठवड्यापूर्वी आमच्याकडूनच भरून नेलं होतं. त्यांनी पिशवीतून ते कार्ट्रिज आणि एक पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. पानं राखाडी झाली होती आणि निम्मे शब्द गायब होते. पोरं शब्दाखाली बोट ठेवून वाचतात, आणि त्या बोटाबरोबर अक्षरच निघून येत होतं.

"लेकरू म्हणे, मॅडम, वाचलं का शब्द संपते," त्या म्हणाल्या.

त्या हसत होत्या, पण तीनची गाडी चुकली तर त्यांना त्या दिवशी गावी पोचता येणार नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पालक येणार होते. चाचा यायला अजून वेळ होता. मी कार्ट्रिजकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. एकच दिवस उरला होता माझा. आत्ता हात लावला तर अट मोडली, आणि बिघडवलं तर चाचा मला पुन्हा दुकानात उभं करतील की नाही याचाही भरवसा नव्हता. तरी मी कार्ट्रिज उचललं. खरं सांगते, भीतीपेक्षा हुरूपच जास्त होता.

आधी ते दुकानातल्या त्याच जातीच्या प्रिंटरमध्ये घालून पान काढलं. अंगठा फिरवला, अक्षर पुसलं गेलं. दुसरं कार्ट्रिज घालून काढलं, ते पक्कं. म्हणजे शाळेच्या मशीनचा दोष नव्हता. भुकटीच वितळत नव्हती. चुकीची भुकटी भरली गेली होती! मला इतका आनंद झाला की मी मॅडमना टाळीच दिली. आईच्या बादलीनं शिकवलेलं असं कामी येईल हे स्वप्नातही नव्हतं.

मग मी मांडणीकडे वळले आणि आनंद तिथेच थांबला. रोजच्या वापरातल्या टोनरचा मोठा डबा चाचांच्या पायाशी असायचा. क्वचित लागणाऱ्या बाटल्या तेवढ्या मांडणीवर. शाळेच्या कार्ट्रिजची भुकटी चाचा नेहमी दुसऱ्या फळीवरून, डावीकडून तिसरी बाटली उचलायचे. मी तिसरी उचलली. तिच्यावर भलत्याच मॉडेलचा नंबर होता. बरोबर बाटली टोकाला उभी होती, आणि ती तिथे मीच ठेवली होती. दसऱ्याला हत्यारांची पूजा म्हणून मी सगळं दुकान झाडलं, प्रिंटरवर झेंडूची फुलं ठेवली, बाटल्या पुसून लहान-मोठ्या अशा ओळीनं लावल्या. छान दिसतं म्हणून स्वतःवरच खूश होते.

पण लेबल तर ठसठशीत होतं. चाचांनी ते वाचलं नाही? तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. ते कार्ट्रिजचा नंबर मला मोठ्यानं वाचायला लावायचे, म्हणायचे, पाठ होतं. गिऱ्हाइकाची चिठ्ठी माझ्याच हाती द्यायचे. मला वाटायचं शिकवताहेत. चाचांना अक्षरच दिसत नव्हतं आता, आणि हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं.

रडायला वेळ नव्हता. मी पिना काढल्या, ड्रम, म्हणजे अक्षर उमटवणारी नळी, काळ्या कापडात गुंडाळून ठेवला, कारण तिला उजेड सोसत नाही. जुन्या भुकटीचा कणही राहू नये म्हणून ब्लोअर लावला, रोलर पुसला, पुन्हा ब्लोअर लावला. घाईत ब्लोअरचं तोंड माझ्याकडे वळलं आणि काळा ढग थेट छातीवर आला. चौदा दिवस गेले. मी झटकलंसुद्धा नाही. बरोबर बाटलीतली भुकटी भरली, झाकण दाबलं, कार्ट्रिज आडवं धरून हळूहळू हलवलं आणि मॅडमच्या मोबाइलमधलं पुस्तिकेचं पहिलं पान सोडलं.

पान बाहेर आलं. मी अंगठा फिरवला, जोर लावून फिरवला. मॅडमनी फिरवला. एक अक्षर हललं नाही. आम्ही दोघी परकरातल्या पोरींसारख्या उड्या मारत होतो आणि त्याच वेळी चाचा आत आले.

त्यांनी माझा ड्रेस पाहिला. तेवढं काळं त्यांना दिसलं. मॅडम सहज विचारून गेल्या, की मागच्या वेळी नेमकं झालं काय होतं.

"चूक माही हाये," मी म्हणाले. "बाटल्या म्या हलवल्या, दसऱ्याले."

एवढ्यावर विषय संपला असता. खोटंही नव्हतं ते. चाचांनी नुसती मान हलवली असती तरी मॅडमना पटलं असतं. पण त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"भरला म्याच होता, मॅडम. मले लेबल दिसत नाही आता. जागेवरून उचलतो बाटली. ह्या पोरीलेबी सांगतलं नोतं."

मॅडमनी जरा विचार केला आणि विचारलं, की मग पुढच्या वेळी कार्ट्रिज कुणाच्या हाती द्यायचं. चाचांनी माझ्याकडे बोट केलं. त्या कार्ट्रिज छातीशी धरून गाडीसाठी पळाल्या.

मला एकाच वेळी नाचावंसंही वाटत होतं आणि चाचांकडे बघवतही नव्हतं. एवढे दिवस मी जे मागत होते ते मिळालं होतं, आणि ते ज्यांच्या हातून निघून माझ्याकडे आलं तेही समोरच उभे होते. काहीतरी करायचं म्हणून मी मांडणीपाशी गेले आणि बाटल्या पुन्हा पहिल्या जागी लावायला लागले. दुसरी फळी, डावीकडून तिसरी.

चाचांनी माझा हात धरला.

"राहू दे बेटा, आता उचलणारी तू हायेस."