आप्पांनी निवडलेला टीव्ही

आमच्या घरातला पहिला टीव्ही डब्यासारखा होता आणि तो आईनं निवडला होता. घरातलं सगळं आईच निवडायची. भांडी, लोखंडी कपाट, माझी शाळा, इतकंच काय, आप्पांच्या अंगातले सदरेसुद्धा. आप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावरच परतायचे. मुरुमजवळच्या आमच्या गावी ते वर्षातले चार महिने असायचे, आणि तेवढे दिवसही पाहुण्यासारखे वावरायचे. पाणी प्यायचं झालं तरी तांब्या कुठं आहे हे आईला विचारायचे.

पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी कळप चुलत्यांच्या हवाली केला आणि घरी बसले. मी तोवर धाराशिवला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते. पाट्यांवर तेव्हा उस्मानाबाद लिहिलेलं असायचं, पण आप्पांच्या तोंडी कायम धाराशिवच. त्याच सुमारास जुन्या टीव्हीचं चित्र वरून-खालून आक्रसत गेलं आणि शेवटी मधोमध एक पांढरी रेघ उरली. मी म्हटलं, आता भिंतीवरचा चपटा टीव्ही घेऊ.

त्या काळी चपट्या टीव्हीत दोनच जाती, प्लाझ्मा आणि एलसीडी. आमच्या कॉलेजात डबा खाताना त्यावर रोज वाद चालायचा. एक सर म्हणायचे, एलसीडीवर क्रिकेटचा चेंडू पुसट होतो. दुसरे म्हणायचे, प्लाझ्मा वीज फार खातो आणि तापतोही. मी ऐकून ऐकून मनाशी एलसीडी पक्का केला होता. पण आईनं पाहिल्याशिवाय घरात वस्तू येणं शक्य नव्हतं, म्हणून दोघांना एसटीनं बोलावून घेतलं.

दुकानदार पोक्त माणूस होता. त्यानं आईला खुर्ची दिली आणि शेजारी शेजारी टांगलेले दोन टीव्ही लावले. डावीकडं प्लाझ्मा, उजवीकडं एलसीडी. दोन्हीवर तीच फुलं, तोच धबधबा. मला दोन्ही सारखेच वाटले. आप्पा हात मागं बांधून उभे होते. बऱ्याच वेळानं त्यांनी दुकानदाराला विचारलं, "ह्यात जनावरं हायती का?"

दुकानदारानं शोधून जंगलाचं एक चॅनल लावलं. रानम्हशींचा कळप पाण्यावर आला होता. आप्पा दोन पावलं पुढं गेले. एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं आणि प्लाझ्माकडं बोट केलं.

"हे काळं पक्कं हाय. त्या दुसऱ्यातलं उनात पडलेल्या घोंगड्यावानी दिसायलंय. इटून गेल्यालं."

मी पुन्हा नीट बघितलं. खरंच, एलसीडीतल्या म्हशी जराशा राखाडी होत्या. आप्पांनी जन्मभर काळी लोकर हाताळली होती. दुकानदार म्हणाला, "बाबा, लई गिऱ्हाइकं येऊन गेली, पर ह्यो फरक असा झटक्यात कुणी सांगितला न्हाय." आप्पा लाजले. त्यांना लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आई मात्र खुर्चीतून हलली नव्हती. तिनं विचारलं, "आमचं दार दिवसभर सताड उघडं असतंय. उजेडात कसा दिसंल?"

माणूस प्रामाणिक होता. त्यानं दुकानाच्या दारावरचा पडदा सारला. बाहेरचं ऊन आत आलं आणि प्लाझ्माच्या काचेत रस्ता, उभ्या रिक्षा आणि खुर्चीत बसलेली आई, सगळं दिसायला लागलं. रानम्हशी कुठल्या कुठं गेल्या. एलसीडी होता तसाच राहिला.

"ह्यात तर मीच दिसायलेय," आई म्हणाली.

आप्पा लगेच मागं सरले. "तुला बरं वाटंल ते घे," एवढं बोलून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. पण दुकानदारानं पडदा परत ओढला तशी त्यांची नजर पुन्हा डाव्या टीव्हीवर गेली. मी ते बघितलं. आईनंही बघितलं. ती मला म्हणाली, "तोच घे. ह्यांनी दाखवला तो."

"अगं आई, दिवसा काही दिसणार नाही त्यात."

"दिवसा मला कुठं येळ असतोय?"

हे खोटं होतं. दुपारी धान्य निवडता निवडता ती तीन मालिका बघायची. पण तिचा आवाज ठाम होता, मी पैसे मोजायला घेतले.

प्लाझ्मा आडवा ठेवला तर काच तडकते, उभाच न्या, असं दुकानदारानं बजावलं होतं. टेम्पोत मागं आप्पा बसले. खोक्याला आपलं घोंगडं गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी कवटाळून धरलं. तुळजापूर, नळदुर्ग, मुरुम, सगळ्या वाटेनं त्यांनी हात सोडला नाही. आई पुढं माझ्याजवळ बसली होती, पण सारखी वळून मागच्या जाळीतून बघत होती.

घरी व्हायचं तेच झालं. दुपारी टीव्ही लावला की पडद्यावर अंगण आणि समोरचा लिंब. आईनं दार लावून बघितलं, तर शेजारणी घरात कुणी नाही असं समजून परत गेल्या. एक जण तर दुसऱ्या दिवशी विचारायला आली, "बरं न्हाय का तुला?" चार दिवसांनी आईनं दुपारचा टीव्हीच सोडला. दिवेलागण झाली की लावायचा, असं ठरलं.

त्या वेळी आप्पाही घरात असायचे. ते शेजारी बसून विचारायचे, "ही कोण? आन् ही हिची कोण लागती?" आई सांगायची. आधी एका शब्दात, मग जरा सविस्तर, मग जाहिराती चालू असताना पूर्ण मागची कथा. मी सुट्टीला गेले की स्वयंपाकघरातून त्यांचं बोलणं ऐकत राहायची. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं बोलत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मालिकेवरून बोलणं आईच्या माहेरावर जायचं, तिथून आप्पांनी बघितलेल्या गावांवर. एकदा आई म्हणाली, "मला कधी सांगितलं न्हाय तुमी हे." आप्पा म्हणाले, "तू कवा इचारलंस?" थंडीत आई उठून पडद्याजवळ तळहात धरायची. ऊब लागते म्हणायची.

सकाळी दार उघडायच्या आधी मात्र आप्पा खिडकीला पोतं लावून शेतीचं चॅनल बघायचे. रोज तेच चॅनल. दोनेक वर्षांनी वरच्या कोपऱ्यात त्या चॅनलची खूण उमटून बसली. कुठलंही चॅनल लावा, ती पुसटशी तिथंच. मेकॅनिक म्हणाला, प्लाझ्मात असं होतं, आता ती जाणार नाही. आप्पांना फार लागलं. "म्याच खराब केला," म्हणाले. आई म्हणाली, "कोपऱ्यात हाय. कुणाच्या ध्यानात येतंय?"

आप्पा गेल्यावर तीन वर्षं तो टीव्ही चालला. आईच्या मालिकांवर ती खूण तशीच असायची. मी बदलून देते म्हटलं की ती विषय मोडायची. मग एका सकाळी तो लागलाच नाही. पार्ट आता मिळत नाहीत, असं मेकॅनिकनं सांगितलं. प्लाझ्मा बनायचाही बंद झाला होता. दुकानात सगळे एलईडीच, निवडायचं ते फक्त आकारमान. आई आली नाही, "तुझ्या मनानं आण," म्हणाली. मी एसटीत मांडीवर धरून नेला, इतका हलका.

आता ती दुपारी दार उघडं ठेवून टीव्ही बघते, शेजारणीही येऊन बसतात. रिमोटचं मात्र तिला अजून जमत नाही. एक-दोन दिवसांआड फोन करते, आवाज गेला, चित्र गेलं. मी इकडून बटणं सांगते. "आलं, आलं," म्हणते आणि फोन चालूच ठेवून बघायला लागते. मी थोडा वेळ पलीकडचा आवाज ऐकते, मग हळूच फोन बंद करते.