सासऱ्यांच्या टाळूवरचा कोंडा

सोमवारी माझ्या बहिणीला तिच्या सासऱ्यांनी ठाण्याहून कल्याणला आणून आमच्या ओटीवर सोडलं.

तिच्या खांद्यांवर फिकट डाग उठले होते. सासऱ्यांनी ते माजघराच्या दारातून पाहिले आणि कोड ठरवलं. एवढी पारखी नजर असलेल्या माणसाला सरकारने जन्मभर कचेरीत नकला करायला का बसवलं, कोण जाणे. आई रडली. मी पुस्तकं वाचलेला, म्हणून पुरावा शोधायला निघालो.

ठाण्यात एका डॉक्टरांकडे सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. सासरेही आले, यंत्र फुकट बघायला मिळणार होतं. डॉक्टरांनी बहिणीच्या खांद्यावरचा कोंडा सुरीने खरवडला आणि काचेवर खाराच्या पाण्यात भिजवला.

"कोड असं खरवडून निघत नाही. ही शिबं आहेत. ताडीला फेस आणते तसली बुरशी."

मी डोळा लावला. साबुदाणे दिसले, आणि त्यांत शेवयांचे तुकडे.

इथे थांबलो असतो तर बहीण त्याच दिवशी नांदायला गेली असती. पण डॉक्टरांना ज्ञानाची हौस. ताडून पाहायला म्हणून त्यांनी सासऱ्यांची पगडी उतरवली आणि टाळूवरचा कोंडा घेतला. तिथेही साबुदाणे निघाले. शेवया तेवढ्या नव्हत्या.

"दोन्ही बुरश्यांचं गोत्र एकच दिसतं," डॉक्टर आनंदाने म्हणाले. "घर एक की दोन, यावर विलायतेत अजून भांडण चाललंय."

"माझ्या डोक्यात ताडी?" सासरे कडाडले आणि तडक घरी जाऊन अंघोळीला बसले. सुनेला तिथेच सोडून.

परतीच्या गाडीत बहीण म्हणाली, "दादा, आता मामंजींनाही माहेरी धाडतील का रे?" कळवा मागे पडेपर्यंत आम्ही हसत होतो.

गंधकाच्या मलमाने बुरशी मेली. कातडीचा रंग भरायला मात्र महिने लागतात, हे सांगायचं डॉक्टरांच्या ध्यानातून गेलं. त्यांना शेवयांचं कोडं पडलं होतं. सासऱ्यांचा निरोप आला, डाग दिसतो तोवर ते कोडच. रंग भरला, तेव्हा तिच्या यजमानांचं दुसरं लग्न उरकलं होतं. नव्या सुनेचे खांदे सासऱ्यांनी उजेडात पाहून घेतले असतील, याची मला खात्री आहे.

पावसाळ्यात बहिणीला ताप भरला आणि ती गेली. शेवटची अंघोळ घालताना शेजारणी म्हणाल्या, "अगंबाई, अंगावर एक डाग नाही हो." तपासणी पुरी झाली.

आता घरात आई आणि मी आहोत.