गढीचा फोटो

आज कॅलेंडरचं पान उलटलं आणि वेल्समधली पडकी गढी समोर आली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत, हर्नडनच्या ऑफिसात एका गोऱ्या सहकाऱ्याने लंचला असाच फोटो दाखवला होता. शेवाळलेली तटबंदी, मोडकी कमान. "माझे पूर्वज इथे पहारेकरी होते," तो अभिमानाने म्हणाला. माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे, ऑफिसातलेच एक काका मला मराठीत म्हणाले, "आमचीही गढी होती, बरं का." मी बोलून गेलो, "माझे आजोबाही गढीची राखण करायचे. बाहेरूनच. महारांना आत मज्जाव होता." काका डबा आवरू लागले. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. त्या रविवारी काकूंचा फोन आला, "अरे, आजचं कॅन्सल केलंय." वरून मसालेभाताचा वास येत होता, पाहुण्यांचं हसणंही. कॅलेंडरवर फोटोखाली लिहिलंय, गढी सर्वांसाठी खुली आहे.