छत्तीस फुटी नाव आणि आम्ही तिघं

गाय घेतलेल्या माणसाजवळ एखादा किस्सा असतो. शिडाची नाव घ्यायला निघालेल्या माणसाजवळ दहा असतात, आणि ते सगळे त्याच्या बायकोला तोंडपाठ असतात! चामोर्शीच्या बाजारात भाजी घेताना आजही कोणीतरी हाक मारतंच, "काऊन बाई, भेटली का मोठी नाव?" मग पिशवी खाली ठेवून मला सुरुवात करावी लागते.

आमचे हे, विलासराव, जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर माणसं घराला रंग देतात, नातवंडं सांभाळतात. ह्यांनी आरमोरीच्या देवरावभाऊंना पकडलं. देवरावभाऊ शाळेपासूनचे मित्र, धानाचे शेतकरी. दोघांनी मिळून गोव्यात एक जुनी शिडाची नाव घेतली. बावीस फुटांची. आत ताठ बसलं की डोकं छताला!

तीन दिवसांची पहिली सफर. ह्यांचे पाय देवरावभाऊंच्या उशीवर, स्टोव्ह माझ्या मांडीवर. संडास म्हणजे बादली, आणि दार म्हणजे दोघांनी फिरवलेली पाठ! मी जन्मभर नर्सची नोकरी केली, पण गर्दीच्या वॉर्डातसुद्धा पेशंट असे कोंबले नव्हते. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागल्या लागल्या सांगून टाकलं, "मोठी नाव घ्या, नाई तं दोघंच जाऊन बुडा!"

चूक माझीच. मी हे रागानं बोलले होते. त्यांनी मनावर घेतलं.

*

मोठी म्हणजे किती मोठी? हे समजायला दोघांनी देवरावभाऊंच्या खळ्यावर चुन्याची फक्की टाकून छत्तीस फुटांची नाव आखली. इथे स्वयंपाक, इथे झोपायचं, इथे मोरी-संडास. खुर्च्या टाकून आत बसले आणि मलाही बसवलं. भर उन्हात!

देवरावभाऊंच्या घरच्या शकुंतलाबाई चहा घेऊन सरळ आल्या, तर हे ओरडले, "वहिनी, तिकडून नाई! समुद्रात पडल्या तुम्ही!"

तेवढ्यात शेजारचे एक म्हातारे काठी टेकत आले. सगळी आखणी फिरून पाहिली.

"घरकुल मंजूर झालं वाटते?"

"घरकुल नाई जी, नाव होय," देवरावभाऊ म्हणाले.

म्हाताऱ्यांनी काठीनं एक कोपरा दाखवला. मग म्हणाले, "नाव असो का घर, मोरी उगवतीले काऊन ठेवली?"

दोघांनी पुसून मोरी दुसऱ्या बाजूला घेतली. खरंच घेतली!

*

मग गोव्याच्या चकरा. दलाल फोटो पाठवायचा, आम्ही दोन दिवस गाड्या बदलत पोचायचो, आणि नाव फोटोपेक्षा दहा वर्षांनी म्हातारी निघायची.

एक मात्र खरंच चांगली होती. देवरावभाऊंनी ठरवून टाकलेलं, की प्रत्येक नावेत आडवं होऊन पाहायचं. ते आडवे झाले आणि घोरायला लागले. आम्ही दोघं वर दलालाशी घासाघीस करतोय, तोवर पुण्याचं एक जोडपं नाव पाहायला आलं. खाली गेलं, देवरावभाऊंना पाहिलं, वर आलं.

"काका किती वेळापासून झोपलेत?"

"तासभर झाला," मी कौतुकानं सांगितलं.

"एवढी शांत झोप लागते? मग आम्ही घेतली!"

आणि घेतली हो! मागितलेल्या भावात, जागच्या जागी. देवरावभाऊंना उठवून खाली उतरवावं लागलं. ते डोळे चोळत म्हणाले, "हेच घेऊ आपण."

*

ह्यांना एकदा विचारलं, उभी नोकरी समुद्रावर गेली, अजून काय पाहायचं राहिलं? हे म्हणाले, "इंजिनखोलीत होतो मी. समुद्र पाहिला कुठी?" मला वाईट वाटलं. पुढची नाव चालवून पाहायला मी मुकाट्यानं गेले.

निघाल्यावर हे "दोन मिनिटं" म्हणून खाली उतरले. डॉल्फिन आले, गेले. सूर्य बुडायला आला. मी हाका मारून दमले. शेवटी काळे हात घेऊन वर आले, चेहऱ्यावर नुसता आनंद.

"किती सुंदर आहे ना!"

मी म्हटलं, "हाव ना. पाह्यला एकदाचा समुद्र."

"समुद्र नाई, इंजिन!"

*

शेवटची नाव एका म्हाताऱ्या बाईंची होती. नवरा वारल्यावर विकायला काढलेली. छत्तीस फुटी, उभं राहता येईल अशी, संडासाला कडीचं दार. ह्या दोघांनी चाळीस प्रश्न लिहून आणले होते. शीड, डोलकाठी, बूड. बाई जांभया देत उत्तरं देत होत्या.

मी विचारलं, "चहा सांडतो का हो?"

बाई खुर्चीतून उठल्याच! "इतक्या गिऱ्हाइकांत पहिला शहाणा प्रश्न!" म्हणाल्या. झोका घेणाऱ्या शेगडीवर त्यांनी आधण ठेवलं आणि ह्या दोघांना वर कडेला उभं राहून नाव हलवायला लावली. दोन म्हातारे उड्या मारतायत, नाव डुलतेय, आम्ही दोघी आधणाकडे पाहतोय. एक थेंब सांडला नाही.

"घ्या हेच," मी वर ओरडले.

चाळीस प्रश्नांचा कागद हवेनं नेला.

*

त्याच नावेतून पहिल्यांदा लांब निघालो. दुसऱ्या दुपारी वारा असा उठला, की मोठं शीड उभं फाटलं. फोनला रेंज नाही, चहूकडे धुरकट पाणी. मी आळीपाळीनं ओकत होते आणि ह्यांना बोलत होते. देवरावभाऊ डोलकाठीला मिठी मारून बसलेले.

एवढ्यात गस्तीची बोट दिसली आणि वायरलेस खरखरला.

"कहाँ से हो?"

"चामोर्शी," हे म्हणाले.

"कौन सा बंदर है ये?"

"बंदर नहीं साहब, तालुका है!"

"समुंदर से कितना दूर?"

ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. "दो दिन. ट्रेन से."

गस्तीची बोट सरळ आमच्याकडे वळली. आता धरून नेतात म्हणून मी कागदपत्रांची पिशवी छातीशी घेतली. मग दुसराच आवाज आला, जरा दबकत.

"काऊन जी काका, एवढ्या दूर कुठी येऊन राह्यले? मी आरमोरीचा."

मला रडूच फुटलं.

देवरावभाऊंनी डोलकाठी सोडली. रांगत रांगत आले, ह्यांच्या हातातून वायरलेस घेतला, बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं,

"आरमोरीत कोणाचा रे तू?"